जुनं घर पाडण्याआधी : माळवदाच्या घराची दुरुस्ती समजून घेऊ



या महिन्याचा धडा घराबद्दल आहे. आपल्या भागात अजून कितीतरी घरं दगड-मातीची आहेत, वर माळवद असलेली. काही गावांत जुने वाडे आहेत, गढी आहे, बारव आहे, दगडी देऊळ आहे. ही बांधकामं दुरुस्त करायची वेळ आली की आपण सगळ्या एकच शब्द बोलतो, "सिमेंट मारून घेऊ." मीही तेच म्हणायचे. ते का बदललं, ते आधी सांगते.

माझ्या हातून झालेली चूक

कामाला लागून मला जेमतेम सहा महिने झाले होते. समाजकार्याची पदवी घेतलेली, पण भिंतीतलं मला काही कळत नव्हतं. एका गटातल्या मावशींनी घर दुरुस्तीसाठी पंचवीस हजारांचं कर्ज मागितलं. दोन खणांचं माळवदाचं घर, सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. भिंतींना खालून तीन फुटांपर्यंत ओल यायची, पोपडे निघायचे. गवंडी म्हणाला, आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करा, ओल बंद होईल. मी अर्ज भरला, "आवश्यक दुरुस्ती" असा शेरा मारला आणि कर्ज मंजूर करून दिलं.

पहिला पावसाळा छान गेला. भिंत गुळगुळीत दिसत होती, मावशी खूश होत्या. दुसऱ्या पावसाळ्यात पोळ्यानंतर झड लागली. मावशी म्हणाल्या, "म्याडम, भिंतीला पोट आलंय, बघून जा." मी गेले. गिलाव्यावर टिचकी मारली तर आतून पोकळ आवाज आला. घाबरून सगळ्यांना शेजारच्या घरी झोपायला पाठवलं. चौथ्या रात्री भिंतीचा बाहेरचा अर्धा भाग खाली आला. माणसं वाचली. भिंतीलगत बांधलेली गाभण शेळी गेली.

कर्जाचा हप्ता तेव्हा चालूच होता. घर नाही, शेळी नाही, आणि हप्ता मात्र आहे. मावशी मला एक शब्दही वाईट बोलल्या नाहीत, ते मला जास्त लागलं.

मग गावातल्या एका म्हाताऱ्या गवंडी मामांना बोलावलं. त्यांनी पडलेल्या भिंतीतली माती मुठीत दाबली. बोटांतून चिखल निघाला. "पाऊस थांबून आठ दिवस झालेत," ते म्हणाले, "तरी ही वाळली नाही. वाळायला वाटच कुठं ठेवली तुम्ही?"

त्या दिवसापासून मी शिकायला लागले. जे शिकले ते इथं देते आहे.

माळवदाचं घर कसं चालतं?

माळवदाच्या घराचे दोन भाग समजून घ्या.

पहिला भाग लाकडाचा सांगाडा. खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर किलच्या, त्यावर पालापाचोळा आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. चार खांबांमधल्या जागेला आपण खण म्हणतो. घर किती मोठं हे आपण खणांवरच सांगतो.

दुसरा भाग दगडाच्या भिंती. या भिंती दीड-दोन फुटांपासून तीन फुटांपर्यंत जाड असतात. पण ती सलग एक भिंत नसते. बाहेरच्या बाजूला दगडांची एक रांग, आतल्या बाजूला दुसरी रांग, आणि मध्ये दगडगोटे व माती भरलेली. चुना फक्त श्रीमंताच्या वाड्यात किंवा गढीत. गरिबाच्या घरात मातीचाच सांधा.

अशा घरात पाणी येणारच. जमिनीतून ओल वर चढते, पावसाचे शिंतोडे उडतात, माळवदातून झिरपतं. जुन्या लोकांना हे माहीत होतं. त्यांनी भिंतीला मातीचा किंवा चुन्याचा गिलावा केला. या दोन्हींत बारीक छिद्रं असतात. आलेलं पाणी ऊन पडलं की वाफ होऊन त्यातून बाहेर निघून जातं. आपण म्हणतो ना, मातीचं घर उन्हाळ्यात गार लागतं? जाड भिंती आणि हे वाळणं, दोन्हींचा त्यात वाटा आहे.

आता त्याच भिंतीला दोन्ही बाजूंनी सिमेंट मारलं तर? पाणी आत यायचं थांबत नाही. ते खालून आणि वरून येतच राहतं, फक्त बाहेर जायची वाट बंद होते. ओल तीन फुटांवरून पाच फुटांवर चढते. आतली माती लोण्यासारखी होते. पाण्यासोबत आलेले क्षार गिलाव्याच्या मागे साठतात आणि दगड-विटेचं तोंड फोडतात. भिंतीत टेकलेली लाकडांची टोकं कुजतात. आणि हे सगळं गुळगुळीत गिलाव्याच्या मागे चालतं, त्यामुळे आपल्याला दिसत नाही. मावशींच्या घरी हेच झालं.

जुनं ते सगळं सोनं, असंही नाही

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं दगड-मातीच्या घरांखाली गेली. आजही काही आजी सांगतात, "माळवदाखाली झोपायची भीती वाटते." त्यांची भीती खरी आहे.

पण घरं का पडली, हे समजून घेतलं तर दुरुस्ती कुठं करायची ते कळतं.

एक, भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या रांगेला जोडणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. हादरा बसला तशा दोन्ही रांगा वेगळ्या झाल्या आणि ढासळल्या. मावशींची भिंत भूकंपाशिवायच अशी फाटली.

दोन, माळवदावर मातीचा भार फार होता. दर वर्षी गळती थांबवायला आपण नवी माती टाकतो, जुनी काढत नाही. पिढ्यान्‌पिढ्या असं केल्यावर थर दोन फुटांपर्यंत जातो. हिशोब करून बघा. दहा फूट बाय दहा फुटांच्या खणावर एक इंच माती म्हणजे सुमारे चार क्विंटल वजन. म्हणजे पन्नास किलोची आठ पोती. दोन फूट थर असेल तर जवळजवळ शंभर क्विंटल माती आपल्या डोक्यावर असते. पाऊस पडला की त्याहून जास्त.

तीन, जिथं लाकडी खांब-तुळई नीट होती तिथं भिंत पडली तरी काही घरांत माळवद खांबांवर तरून राहिलं आणि माणसं वाचली. म्हणून खणाचा सांगाडा हा घराचा जीव आहे.

भूकंपानंतर सरकारने दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम हाती घेतला. त्यात गावोगावच्या बायकांना "संवाद सहायक" म्हणून नेमलं होतं. घर पाडायचं नाही, मजबूत करायचं, हे घरोघरी समजावण्याचं काम त्यांनी केलं. आपल्यासारख्याच गटातल्या बायका होत्या त्या. तेव्हा हा विषय बायकांना जमणारा नाही असं कुणी म्हणालं तर त्यांची आठवण द्या.

दुरुस्तीचा क्रम

गवंडी मामांनी मला एक वाक्य शिकवलं : आधी पाणी, मग वजन, मग भिंत, शेवटी गिलावा. आपण उलटं करतो. गिलावा आधी करतो, कारण तो दिसतो.

१. पाणी. माळवदाला उतार आहे का? पन्हाळी मोकळ्या आहेत का, आणि त्यांचं पाणी भिंतीपासून लांब पडतं का? भिंतीलगत न्हाणीचं सांडपाणी मुरतं का? पायाजवळची जमीन घराच्या बाहेरच्या दिशेनं उतरती करा. भिंतीत उगवलेला पिंपळ किंवा उंबर लहान असतानाच मुळासकट काढा. मूळ मोठं झालं असेल तर ओढू नका, दगड निघतात. अशा वेळी जाणकाराला विचारा.

२. वजन. पावसाळ्याआधी, उन्हाळ्यात माळवदाची जास्तीची माती उतरवा. एकदम एका बाजूची सगळी काढू नका, दोन्ही बाजूंनी थोडी थोडी काढा. खालच्या कड्या आणि किलच्या तपासा. सुरी टोचून बघा. सुरी सहज आत गेली तर लाकूड कुजलंय किंवा वाळवी लागलीय. अशा माळवदावर चढू नका, आधी खालून टेकू द्या. उतरवलेली माती फेकू नका, ती पुढे कामाला येते.

३. भिंत. दोरीला दगड बांधून ओळंबा करा आणि भिंतीच्या वरून सोडा. मध्येच पोट आलेलं असेल तर ते कळेल. पोट आलेली भिंत गिलाव्यानं सरळ होत नाही. तेवढा भाग टेकू देऊन उतरवायचा आणि त्याच दगडांनी पुन्हा रचायचा. रचताना ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालायचे. उभ्या दिशेनं दोन फुटांवर आणि आडव्या दिशेनं चार फुटांवर एक, असा अंदाज धरा. चांगल्या भिंतीत असे दगड नसतील तर भोक पाडून आकडा वळवलेली सळई आणि काँक्रीट भरता येतं. हे काम मात्र अभियंत्याला विचारूनच.

बघा, इथं सिमेंट उपयोगी पडलं. सिमेंट आपलं वैरी नाही. चुकीच्या जागी वापरलं की घात करतं.

४. गिलावा. साधा नियम असा की सांधा ज्याचा, गिलावाही त्याच्याच जातीचा. मातीच्या भिंतीला मातीचा. चुन्याच्या भिंतीला चुन्याचा.

मातीचा गिलावा : हे तर आपलंच शास्त्र

मावशींची भिंत पुन्हा रचली तेव्हा गिलाव्याची माती कशी करायची, हे गवंड्यानं नाही, गटातल्या आजींनी ठरवलं. माळवदावरून उतरवलेली पांढरी माती चाळून घेतली. त्यात गव्हाचा भुस्सा आणि शेण मिसळलं. पाणी घालून आठ दिवस भिजत ठेवली, रोज पायानं तुडवली. आजी म्हणाल्या, "वास आंबूस आला की माती तयार."

भुस्सा काय करतो? माती वाळताना आकसते, तेव्हा तो तिला धरून ठेवतो, तडे जाऊ देत नाही. हे फार जुनं ज्ञान आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांखाली जो मातीचा गिलावा आहे, त्यातही भाताचा कोंडा आणि झाडांचे तंतू आहेत. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले होते, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. शेकडो वर्षं तो टिकला आहे. आपल्या आजी पोतेरं आणि सारवण करताना जे करतात, त्याची मुळं इतकी खोल आहेत.

प्रत्येक गावची माती वेगळी, म्हणून मी प्रमाण सांगत नाही. तुम्हीच काढा. भिंतीवर एक-एक फुटाचे चार चौकोन करा. प्रत्येकात भुस्सा कमी-जास्त घाला. आठ दिवसांनी बघा. ज्याला तडे नाहीत आणि बोटानं घासल्यावर भुगा निघत नाही, ते तुमच्या गावचं प्रमाण.

एक विनंती. पांढरी माती गावाबाहेरच्या जुन्या टेकाडातून किंवा गढीतून खणून आणू नका. ती टेकाडं म्हणजे जुनी वसलेली गावं आहेत. तेरच्या टेकाडांत मणी, नाणी, मूर्ती सापडल्या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू जमवून ठेवल्या म्हणून आज तेरला संग्रहालय आहे. घर वाचवताना गावाचा इतिहास घमेल्यात भरून नेऊ नये. माळवदाची उतरवलेली माती बहुतेक वेळा पुरते.

चुन्याबद्दल थोडं

वाडा, बारव, गढी, जुनं देऊळ यांच्या सांध्यात बऱ्याचदा चुना असतो. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरचा बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणी महाल आपल्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिला असेल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं हे बांधकाम. चारशे वर्षं नदीचं पाणी अंगावर घेऊन उभं आहे.

चुनखडी भट्टीत भाजली की चुनकळी होते. ती पाण्यात टाकली की उकळते आणि विरते. विरलेला चुना निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली ठेवतात, जितका मुरेल तितका चांगला. मग त्यात वाळू आणि सुरखी, म्हणजे पक्क्या विटांचा चुरा, मिसळून घाणीत मळतात. पूर्वी बैल घाणी ओढायचे. साधारण एका घमेल्याला अडीच ते तीन घमेली वाळू-सुरखी पडते. काही कामांत गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरडा, उडदाचं पाणी, ताग असंही घालत. प्रत्येक भागाची रीत वेगळी.

चुना हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगडासारखा होतो. म्हणून घाई चालत नाही. पातळ थर द्यायचे, कडक उन्हात काम करायचं नाही, काही दिवस ओलं ठेवायचं.

सावध राहा : चुनकळी विरताना पाणी उकळतं आणि उडतं. डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा आणि हातमोजे घाला, पोरांना लांब ठेवा. चुनकळी थोडी थोडी पाण्यात टाका, ढिगावर पाणी ओतू नका. डोळ्यात गेलंच तर भरपूर स्वच्छ पाण्यानं धूत राहा आणि लगेच दवाखाना गाठा.

गावातली जुनी वास्तू असेल तर

गावच्या देवळाला किंवा बारवेला वर्गणी काढून ऑइल पेंट आणि सिमेंट लावायचं ठरतं, तेव्हा ग्रामसभेत बोला. रंगानं दगडाची छिद्रं बुजतात, कोरीव काम झाकतं, आणि पुढे रंग काढताना दगड खरवडला जातो. झाडलोट, गाळ काढणं, पाण्याची वाट मोकळी करणं, एवढं केलं तरी मोठं काम होतं.

मात्र वास्तू संरक्षित स्मारक असेल तर परवानगीशिवाय काहीच करायचं नाही. केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखालच्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. राज्याच्या संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा वेगळा कायदा आहे. आधी ग्रामपंचायतीत चौकशी करा.

मजुरीचा प्रश्न

या सगळ्या कामात माती चाळणं, तुडवणं, चुना मळणं, गिलावा घोटणं हे बायका करतात. तरी हजेरीवर आपलं नाव "बिगारी" म्हणून लागतं आणि गवंड्याची मजुरी आपल्यापेक्षा जास्त. मावशींच्या घरी गिलाव्याचं प्रमाण आजींनी ठरवलं, पण मी मजुरीचा तक्ता केला तेव्हा त्यांना बिगारीच लिहिलं. आजींनीच विचारलं, "पोरी, डोकं माझं वापरलं आणि पैसे पाटीचे?" मला उत्तर देता आलं नाही. तक्ता बदलला.

ज्यांना हे काम येतं त्यांनी ते कारागिरी म्हणून सांगायला शिका. वय १८ ते ६० च्या दरम्यान असेल आणि गेल्या वर्षात ९० दिवस बांधकामाचं काम केलं असेल, तर राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. ९० दिवसांच्या दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत विचारा. बिगारीलाही नोंदणीचा हक्क आहे.

आता आपण काय बदललं

मावशी आता त्याच घरात राहतात. पडलेली भिंत पुन्हा रचली, माळवदाची दीड फूट माती उतरवली, पन्हाळी बदलल्या. बाकीच्या भिंतींचा सिमेंटचा गिलावा खरवडून काढला. तो निघाला तेव्हा भिंती महिनाभर वाळत होत्या. गटाने हप्त्याला सहा महिन्यांची सवलत दिली. शेळी मात्र परत आली नाही, आणि ती गोष्ट मी विसरू नये म्हणून इथं लिहिते आहे.

घर दुरुस्तीच्या कर्जाच्या अर्जावर आता आम्ही चार प्रश्न विचारतो : पाणी कुठून येतं? माळवदावर किती माती आहे? ओळंबा सोडून बघितला का? भिंतीचा सांधा कशाचा आहे? ही उत्तरं मिळाल्याशिवाय मी सही करत नाही.

बैठकीत करा

१. एका मैत्रिणीच्या घरी बैठक घ्या आणि वरचे चार प्रश्न तिच्या घराला लावून बघा.
२. माळवदावरच्या मातीचा थर मोजा आणि वजनाचा हिशोब वहीत लिहा.
३. गावात पांढऱ्या मातीचं किंवा चुन्याचं काम येणाऱ्या आजी, मामा कोण आहेत, त्यांची यादी करा. त्यांना पुढच्या बैठकीला बोलवा आणि चहा आधी त्यांना द्या.
४. चर्चा करा : घर कुणाच्या नावावर आहे? दुरुस्तीचं कर्ज बाईच्या नावावर आणि घर दुसऱ्याच्या, असं आपल्या गटात किती जणींचं आहे?

चौथ्या प्रश्नाची उत्तरं मला क्लस्टर बैठकीत द्या. पुढच्या अंकात त्यावरच बोलू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक